आणखी घोणशी चावायची वाट पाहायची का?

प्रति,
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

महोदय,

नियम तुमचाच आहे, तेव्हा तो तुम्हाला समजावत बसत नाही. 2022 च्या पात्रता नियमावलीत बढतीसाठी मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज धरली. एका रुग्णावरचा केस रिपोर्ट? शून्य. महाविद्यालयात विचारले की ते विद्यापीठाकडे बोट दाखवतात, विद्यापीठ दिल्लीकडे. म्हणून आता उघडच लिहितो.

माझ्या विभागात नुकतीच सहायक प्राध्यापक झालेली एक मुलगी आहे. तिच्या ओपीडीत एक ऊसतोड कामगार आला. थकवा, चक्कर, दोन ठिकाणची टॉनिके पिऊन झालेली. हिने त्याच्या गुळगुळीत गालाकडे बघून विचारले, "दाढी कधी केली होती?" तो म्हणाला, "करावीच लागत नाही आता." मग तिने पिशवीतले जुने कागद काढायला लावले. तीन वर्षांपूर्वी घोणस चावली होती, मूत्रपिंडे बंद पडून डायलिसिस झाले होते. कॉर्टिसॉल तळाला गेलेले, एमआरआयमध्ये पिट्युटरी आक्रसलेली. साध्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांनी माणूस उभा राहिला. घोणशीच्या विषाने असे होते हे पुस्तकात आहे. ओपीडीत कुणी शोधत नाही, म्हणून तर लिहायचे होते.

तिने 900 शब्द लिहिले. पुढे 11 महिने, 4 जर्नल, 3 नकार. त्यांतल्या एकाने 'आम्ही केस रिपोर्ट घेत नाही' हे एवढेसे वाक्य कळवायला 7 आठवडे घेतले. चौथ्याने स्वीकारला आणि 650 डॉलरचे बिल धाडले. पन्नास हजारांच्या वर. त्याच आठवड्यात तिच्या व्हॉट्सॲपवर आले : 'ओरिजिनल रिसर्च, 10 दिवसांत, 9,000 रुपये, इंडेक्सिंगची हमी, दुसऱ्या लेखकाची जागा शिल्लक.' ती हमी खरी निघाली, तर तो पेपर तुमच्या तक्त्यात बसतो. हिचा बसत नाही. केस सिरीज करायची, तर आणखी चार-पाच जणांना घोणस चावायची वाट पाहायची का, तेही कळवावे.

केस रिपोर्टांचा रतीब घातला जात होता, मान्य. रतीब मूळ संशोधनाचाही घातला जातोच, तो फक्त महाग पडतो.

कोकणातल्या विंचूदंशावर डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरले. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ते कळवले, तो मजकूर दोन पानांच्या पलीकडे गेला नव्हता. डिसेंबर 1961 मध्ये थॅलिडोमाइडबद्दल विल्यम मॅकब्राइड यांचे त्याच 'लॅन्सेट'मध्ये आलेले पत्र तर मोजक्या ओळींचे. कृपया कळवावे, हे कुठल्या रकान्यात भरायचे? पत्राचा रकानाच नाही तुमच्याकडे.

मागणी एवढीच : मान्य सूचीतल्या जर्नलमध्ये, परीक्षकांनी तपासून छापलेले दोन केस रिपोर्ट मिळून एक लेख धरा. आणि प्रकाशनाचे शुल्क महाविद्यालयाने भरावे, असे नियमातच लिहा; नाहीतर ते शिकवणाऱ्याच्या पगारातून जाते.

तिने बिल भरले नाही. लेख मागे घेतला. सध्या ती 200 रुग्णांची व्हिटॅमिन डीची पातळी मोजते आहे. का, असे मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. तो पेपर धरला जाईल.

आपला,
वैद्यकशास्त्र विभागातला एक शिक्षक