श्वास मोजा, पण गोठ्यात

काचेची हंडी, आत दोन फुगे, तळाला ताणलेले रबर. रबर खाली ओढले की फुगे फुगतात. श्वासपटलाचा हा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिलाच असेल. प्रयोग चांगला आहे. पण सटाण्यासारख्या ठिकाणी, जिथे पुष्कळ मुलांच्या घरी गाय आहे, तिथे श्वसनाचा पाठ हंडीपाशीच संपावा हे मला पटत नाही.

गाईच्या उजव्या अंगाला चार पावले दूर उभे राहा. (डावीकडे पोटाच्या मोठ्या कप्प्याचीही हालचाल होते, त्याने घोटाळा होतो.) बरगड्यांमागच्या खोलगट भागाला भकाळी म्हणतात. गाय श्वास आत घेते तेव्हा श्वासपटल मागे सरकते, आतडी ढकलली जातात आणि भकाळी वर येते. पूर्ण एक मिनिट मोजा. सावलीत स्वस्थ उभ्या असलेल्या मोठ्या जनावराचा आकडा १० ते ३० च्या आसपास येतो. मे महिन्यातल्या दुपारी तो बराच चढतो. म्हणून एकदा मोजून भागत नाही. सकाळ-दुपार, आठवडाभर मोजा आणि वहीत लिहा.

संशोधक जनावराच्या तोंडावर मुखवटा बसवून हवेचा प्रवाह मोजतात, अन्ननलिकेत फुगा लावलेली बारीक नळी सोडून छातीतला दाब मोजतात. ते तुमचे काम नव्हे. तुम्हाला घड्याळ पुरे.

याचा उपयोग काय? पोटफुगी पाहा. गाईच्या पोटाचा मोठा कप्पा शंभर लिटरहून अधिक मावेल एवढा असतो. त्यातला वायू ढेकरेवाटे सुटेना, की तो श्वासपटल पुढे दाबतो आणि फुप्फुसांना फुगायला जागाच उरत नाही. काही तासांत जनावर दगावते. अशा वेळी मान वर धरून तेल ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

आणि आपला कांदा! भाव पडला की ढीगच्या ढीग जनावरांपुढे पडतात. जास्त कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात; शेळी-मेंढीपेक्षा गाय याला लवकर बळी पडते. श्वासपटल, फुप्फुसे धड असतात, तरी प्राणवायू वाहून नेणारे रक्त कमी पडते आणि श्वास वाढतो. लघवी लालसर होते.

गुरुजी, प्रात्यक्षिकाच्या वहीत दोन पाने या आकड्यांना द्या. पशुवैद्य येतील तेव्हा “गाय धापा टाकते” यापेक्षा “एरवी २२, आज ४८” हे त्यांच्या अधिक कामाचे आहे.