पक्षादेश मोठा की प्रभाग?

25 ऑक्टोबर 2016 रोजी नवी मुंबई महापालिकेच्या सभागृहात आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला. बाजूने 104 मते पडली, विरोधात सहा. राष्ट्रवादी काँग्रेस, शिवसेना आणि काँग्रेस हे एरवी एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष त्या दिवशी एका बाजूला होते. विरोधातली सहाही मते भाजपची होती आणि राज्यात सरकार भाजपच्याच मुख्यमंत्र्यांचे होते. सरकारने ठराव अमान्य केला. पुढे मार्च 2017 मध्ये मुंढे यांची बदली झाली. चूक आयुक्तांची होती की नगरसेवकांची, हा वाद शहरात अजूनही निघतो. त्या मतदानातली एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे. घणसोलीच्या गावठाणात गरजेपोटी वाढवलेल्या घरांवर हातोडा पडेल या धास्तीत जगणारी माणसे आणि पदपथ मोकळे झाले म्हणून आयुक्तांमागे उभे राहिलेले वाशी-नेरूळच्या सेक्टरांतले रहिवासी, यांचे म्हणणे एक नव्हते. तरीही 111 जणांच्या सभागृहात मतांची रेघ प्रभागांमधून गेली नाही, ती पक्षांच्या सीमेवरूनच गेली.

पक्षनिष्ठेची बाजू मांडणाऱ्यांकडे याचे उत्तर आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. मतदार उमेदवारापेक्षा चिन्हाला जास्त ओळखतो. जाहीरनामा पक्षाचा असतो, सभा पक्षाच्या असतात, मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणारे कार्यकर्तेही पक्षाचे असतात. निवडून आल्यावर प्रत्येकाने आपापली वाट धरली, तर ज्या कार्यक्रमाला लोकांनी मत दिले तो राबवायचा कोणी? 1967 मध्ये हरियाणाचे आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. त्या वर्षांत राज्याराज्यांतली सरकारे आमदारांच्या उड्यांवर कोसळत होती. त्यावर उपाय म्हणून 1985 मध्ये 52वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. महाराष्ट्राने 1986 मध्ये त्याच धर्तीवर महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांसाठी वेगळा अनर्हता कायदा केला. त्यामुळे निवडणूक झाली की नगरसेवकांचे गट बेलापूरच्या कोकण भवनात जाऊन विभागीय आयुक्तांकडे नोंदणी करतात, गटनेता ठरतो आणि पक्षादेश मोडणाऱ्याचे पद धोक्यात येते. शिस्तीशिवाय पक्ष टिकत नाही, पक्षाशिवाय लोकशाही चालत नाही, असा हा युक्तिवाद आहे.

यातला दुसरा भाग मान्य करायला हवा. पहिला भाग महापालिकेला लागू पडत नाही.

विधानसभेत पक्षादेशामागे एक कारण असते. तिथे सरकार बहुमतावर उभे असते. अर्थसंकल्प पडला की सरकार पडते. महापालिकेत पडण्यासारखे सरकारच नसते. कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते आणि महापौरांची मुदत अडीच वर्षांची ठरलेली असते. एखादा ठराव फेटाळला गेला तर त्या रात्री कोणाचीही खुर्ची जात नाही. मोरबे धरणाचे पाणी कोणत्या नोडला किती मिळावे, मलनिःसारण वाहिनी आधी कुठे टाकावी, खारफुटीला लागून असलेल्या भूखंडाचे काय करावे, या प्रश्नांवर कोणत्याही राष्ट्रीय पक्षाचे तत्त्वज्ञान काही सांगत नाही. दिघा-ऐरोलीच्या पाण्याची तक्रार आणि बेलापूरच्या टेकडीची चिंता एकाच पक्षादेशात बसत नाही. तिथे गटनेत्याच्या इशाऱ्यावर हात वर झाले की प्रभाग मुका होतो, आणि कार्यक्रम राबवण्याच्या नावाखाली कंत्राटांचे विषय चर्चेविना मंजूर व्हायची वाट मोकळी होते.

पक्षादेशाचा धाक पक्षांतर थांबवतो, हा दुसरा दावा. तो खोडण्यासाठी नवी मुंबईबाहेर जायची गरज नाही. गणेश नाईक 1995 च्या युती सरकारात शिवसेनेचे मंत्री होते. 1999 मध्ये ते राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले, सप्टेंबर 2019 मध्ये भाजपमध्ये. 2015 च्या निवडणुकीत राष्ट्रवादीचे 52 नगरसेवक निवडून आले होते. त्यातले बहुतेक 2019 मध्ये नाईकांबरोबर भाजपच्या मंचावर गेले. एकाही प्रभागात पुन्हा मतदान झाले नाही आणि महापालिकेची सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. ज्यांनी 2014 मध्ये भाजपच्या उमेदवार म्हणून बेलापूरला नाईकांचा पराभव केला होता, त्या मंदा म्हात्रेही आधी राष्ट्रवादीतच होत्या. ऑक्टोबर 2024 मध्ये नाईकांचे पुत्र संदीप नाईक भाजपचे जिल्हाध्यक्षपद सोडून शरद पवारांच्या पक्षात गेले आणि बेलापुरात म्हात्रे यांच्याकडून अवघ्या 377 मतांनी हरले. त्याच निवडणुकीत वडील शेजारच्या ऐरोलीतून कमळ चिन्हावर जिंकले.

या प्रत्येकाच्या निर्णयामागची कारणे त्यांची त्यांना ठाऊक. प्रश्न कायद्याचा आहे. दहाव्या परिशिष्टानुसार पूर्वपरवानगीशिवाय पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले आणि पक्षाने 15 दिवसांत माफी दिली नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. मात्र दोन तृतीयांश सदस्यांनी मिळून दुसऱ्या पक्षातले विलीनीकरण स्वीकारले, तर संरक्षण मिळते. याचा सरळ अर्थ असा की पक्षात राहून एका विषयावर वेगळे मत देणाऱ्या एकट्यादुकट्याला शिक्षा आहे आणि घाऊक संख्येने पक्ष सोडणाऱ्यांना अभय आहे. एकतृतीयांशांच्या फुटीची मुभा 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली, तरी विलीनीकरणाची वाट राहिलीच. जो कायदा मतभेदाला पक्षांतरापेक्षा मोठा गुन्हा मानतो, त्याने निष्ठा वाढेल ही अपेक्षाच चुकीची होती.

याच अनुभवातून दुसऱ्या टोकाचे मत जन्माला येते आणि तेही तितकेच खोडून काढले पाहिजे. सगळे पक्ष सारखेच, तेव्हा पक्ष न मानणे आणि माणूस पाहून मत देणे हाच स्वतंत्र विचार, असे शहरातले सुशिक्षित लोक आवर्जून सांगतात. नवी मुंबईत माणूस पाहून मत देण्याचा प्रयोग तीस वर्षे चालू आहे. या शहरातली मोठी निष्ठा पक्षांपेक्षा घराण्यांशी आणि ‘दादां’शीच राहिली आहे. नेता निघाला की मागून नगरसेवक निघतात, नगरसेवकामागून कार्यकर्ते. हा स्वतंत्र विचार नव्हे. पक्षाला निदान घटना असते, जाहीरनामा असतो, निवडणूक आयोगाकडे नोंदणी असते. त्याला जाब विचारायला काहीतरी लेखी हाताशी असते. व्यक्तिनिष्ठेला यातले काहीच नसते. म्हणून व्यक्तिनिष्ठा ही पक्षनिष्ठेहून जास्त आंधळी असते.

पक्षांतरालाच स्वतंत्र बाणा म्हणण्याची पद्धतही फसवी आहे. बहुतेक जण पक्ष सोडताना विकासाचे कारण देतात. ज्याचे खरोखर मत वेगळे होते, त्याने ते आधीच्या पक्षात असताना सभागृहात कधी मांडले, कोणत्या ठरावावर मांडले, त्याची किंमत काय मोजली, हे मतदाराला दाखवता आले पाहिजे. तसे दाखवता येत नसेल तर जे बदलले ते विचार नव्हेत, पत्ता.

मग स्वतंत्र विचार ओळखायचा कसा? महाराष्ट्रात त्याची उदाहरणे आहेत. चिंतामणराव देशमुख 1952 मध्ये याच कोकणातल्या तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. राज्य पुनर्रचनेत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जुलै 1956 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपली कारणे त्यांनी लोकसभेत उभे राहून सांगितली. सत्तेसाठी ते दुसऱ्या पक्षाच्या दाराशी गेले नाहीत. नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम करत राहिले. मोहन धारिया इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री होते. जयप्रकाश नारायण यांच्याशी संवाद साधावा असे त्यांनी उघड सांगितले आणि मार्च 1975 मध्ये त्यांचे मंत्रिपद गेले. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. दोघांच्याही बाबतीत मतभेद एका ठरावीक प्रश्नावर होता, तो जाहीर होता आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. या तीन खुणा एकत्र दिसल्या की स्वतंत्र विचार ओळखता येतो.

नवी मुंबईतला सर्वांत ताजा दाखला विमानतळाच्या नावाचा आहे. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी सिडकोने जमिनी घेतलेल्या 95 गावांच्या शेतकऱ्यांचा लढा उभा केला. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली. 2021 मध्ये सिडकोने विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा आगरी-कोळी गावांतून सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. 10 जूनला मानवी साखळी झाली आणि 24 जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडकोवर हजारो लोक धडकले. शिवसेनेला मानणाऱ्या घरांतल्या माणसांपुढे त्या दिवशी अवघड पेच होता. बाळासाहेबांबद्दलचा आदर आणि गेलेल्या जमिनीची आठवण, दोन्ही खरी होती. पक्ष न सोडता या एका प्रश्नावर पक्षाला विरोध करता येतो, हे या गावांनी दाखवून दिले. 29 जून 2022 रोजी उद्धव ठाकरे यांच्या सरकारने आपल्या अखेरच्या मंत्रिमंडळ बैठकीत दि. बां.चे नाव मंजूर केले आणि पुढच्या महिन्यात शिंदे-फडणवीस सरकारने तोच निर्णय पुन्हा घेतला.

भाजपचे स्थानिक नेतेही या आंदोलनात पुढे होते. त्या वेळी त्यांचा पक्ष राज्यात विरोधात होता, त्यामुळे त्यांची निष्ठा आणि मागणी एकाच दिशेने जात होत्या. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा केंद्रात आणि राज्यात त्यांचाच पक्ष सत्तेत होता आणि तरीही दि. बां.चे नाव अधिकृतपणे लागलेले नव्हते. तीच मागणी स्वपक्षाच्या सरकारकडे तितक्याच मोठ्या आवाजात कोण करतो, यावर 2021 चा प्रत्येक नेता मोजला गेला पाहिजे.

मतभेदाला जागा दिल्याने पक्ष मोडत नाहीत, याचा पुरावा बाहेरही आहे. मार्च 2003 मध्ये इराक युद्धावरून ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या 139 खासदारांनी स्वतःच्या पंतप्रधानांविरुद्ध मत दिले. कोणाचीही खासदारकी गेली नाही, सरकार पडले नाही आणि दोन वर्षांनी तोच पक्ष पुन्हा निवडून आला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या किहोतो होलोहान खटल्यात पक्षांतरबंदी वैध ठरवली. पण पक्षादेश मोडल्याची शिक्षा विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती किंवा ज्या धोरणावर पक्षाने मते मागितली त्या विषयापुरती असावी, अशी मर्यादाही न्यायालयाने सांगितली. त्याआधी दिनेश गोस्वामी समितीनेही याच दिशेची शिफारस केली होती.

ही मर्यादा 1986 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत आली पाहिजे. महापौर-उपमहापौरांची निवड, स्थायी समितीतल्या नेमणुका आणि अर्थसंकल्प एवढ्यापुरता पक्षादेश असावा. भूखंड, पाणी, कचरा, रस्ते, आयुक्तांवरचे ठराव अशा बाकीच्या विषयांवर नगरसेवकाला मोकळे मत असावे. त्याबरोबर प्रत्येक मतदान नावानिशी नोंदले जावे आणि प्रभागवार जाहीर व्हावे, म्हणजे मोकळीक आणि जबाबदारी बरोबर येतील. पैसे घेऊन मत फिरवल्याची शंका असेल तर तीही अशा नोंदीतूनच पकडता येईल. पक्षाशी निष्ठा मग जाहीरनाम्यातल्या लेखी वचनांशी राहील आणि ती नगरसेवकाकडून हक्काने मागता येईल.

ही मागणी आताच करायला हवी. मे 2020 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नवी मुंबईचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. 2015 मध्ये एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येत होता आणि पाच अपक्ष सभागृहात पोहोचले होते. 2026 मध्ये 28 प्रभाग होते आणि बहुतेक ठिकाणी मतदाराला चार मते द्यावी लागली. अशा रचनेत चार नावे लक्षात ठेवण्यापेक्षा एक चिन्ह लक्षात ठेवणे सोपे जाते आणि तिकीट देणाऱ्याची पकड आणखी घट्ट होते. शिवाय मंत्रालयात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि शिंदे यांची शिवसेना वाशी-बेलापुरात एकमेकांविरुद्ध लढले. वरच्या मैत्रीचा आदेश पाळायचा की खालच्या वैराचा, हा पेच नव्या नगरसेवकांपुढे वारंवार येणार आहे.

कायदा बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे. तिथे नवी मुंबईचे दोन आमदार बसतात आणि दोघांनीही एकाहून अधिक पक्षांचे आदेश पाळलेले आहेत. गणेश नाईक मंत्री आहेत; त्यांना मंत्रिमंडळात अशा दुरुस्ती विधेयकाचा आग्रह धरता येईल. मंदा म्हात्रे यांना अशासकीय विधेयक मांडता येईल. 104 विरुद्ध सहा अशी मते ज्या सभागृहात पडली, तिथल्या पुढच्या अवघड ठरावाआधी हे विधेयक पटलावर यावे, अशी मागणी नवी मुंबईकरांनी या दोघांकडे लेखी करावी.