पडीक म्हणजे काय?

अक्कलकुव्याला मी बँकेत होतो तेव्हा हा तालुका धुळे जिल्ह्यात होता. (नंदुरबार वेगळा झाला १९९८ साली.) कर्जाचा अर्ज आला की जमीन पाहून शेरा मारायचा, हे माझे काम. एका मे महिन्यात ओढ्याकाठचा एक रेताड तुकडा पाहिला. गवताची काडीसुद्धा नव्हती. मी लिहिले, ‘पडीक’. अर्ज नामंजूर झाला. ‘‘साहेब, पाऊस पडल्यावर या ना,’’ एवढेच तो शेतकरी म्हणाला. मी गेलो नाही.

परवा चिलीतल्या अटाकामा वाळवंटाविषयी वाचताना तो शेरा आठवला आणि ओशाळलो. तिथे वर्षानुवर्षे नुसती वाळू. मग एखाद्या ‘एल निनो’च्या वर्षी, जसे २०१५ साली, पाऊस बरसतो आणि त्याच वाळूवर गुलाबी-जांभळी फुले पसरतात. त्यातले ‘पाता दे ग्वानाको’ हे एकवर्षायू रोपटे. उगवते, फुलते, बी टाकून मरते. पुढच्या चांगल्या पावसापर्यंत त्याचे पानही दिसत नाही. असते ते फक्त वाळूतले बी.

आणि हे बी मोठे हिशेबी. एका सरीला भुलून सगळे उगवले आणि पुढे पावसाने दडी मारली, तर वंशच बुडाला. म्हणून थोडे उगवते, बाकीचे शिल्लक राहते. पाऊस जितका बेभरवशाचा, तितकी शिल्लक मोठी ठेवणे फायद्याचे, हे डॅन कोहेन यांनी १९६६ साली गणितानेच मांडले. शास्त्रज्ञ या साठ्याला बियांची बँकच म्हणतात. इतके सावध बँकवाले मी फार पाहिले नाहीत!

चिलीच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२२ साली तिथे राष्ट्रीय उद्यानाची घोषणा केली. बहुतेक वर्षे जिथे काहीच दिसत नाही, ती वाळू राखायची!

आपण नदीकाठच्या रेतीलाही वाळवंटच म्हणतो. अक्कलकुवा तालुक्यातही ते होते, मणिबेलीखाली, नर्मदेचे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडणारे. सरदार सरोवराच्या फुगवट्यात ते गेले. माणसांचेच पुनर्वसन रखडले, तिथे रोपट्यांचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. पण चूक एकाच जातीची आहे. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारे आदिवासीही कागदावर ‘अतिक्रमणदार’च ठरले होते.

रेताड जमिनीवरच्या वनस्पतींची पाहणी एका हंगामात उरकू नये. निदान दोन पावसाळे पाहावेत, त्यातला एक तरी चांगला असावा. आणि पाहणीच्या छापील फॉर्मात एक रकाना वाढवावा : पाऊस पडून गेल्यावर जमीन पाहिली काय? होय / नाही.