काचेच्या घराची मच्छरजाळी

लुडविग मीस फान डेर रोह यांनी डॉ. ईडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेले घर आधुनिक वास्तुकलेच्या बहुतेक इतिहासांत भेटते. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, प्लॅनो गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी १९५१ साली ते पूर्ण झाले. आठ पांढरे पोलादी खांब, त्यांनी जमिनीपासून सुमारे पाच फूट उचलून धरलेली फरशी, वर सपाट छत आणि चारही बाजूंना काच. आत न्हाणीघरे, शेकोटी आणि स्वयंपाकाचा ओटा एकाच लाकडी गाभ्यात सामावले आहेत. घर आणि निसर्ग यांमधील सीमा पुसल्याचे श्रेय मीस यांना दिले जाते, ते रास्तच आहे.

पण त्या काचेआड एक माणूस राहणार होते. वारा यायला एक दार आणि दोन लहान खिडक्या, आणि नदीकाठचे डास. ईडिथबाईंनी ओसरीला जाळी लावून घेतली. ओट्याखाली कचऱ्याचा डबा ठेवतानाही तो बाहेरून कसा दिसेल याचा विचार करावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. वाढलेल्या खर्चावरून तर दोघे न्यायालयात गेले.

घराचे प्रतिरूप १९४७ सालीच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडले होते. तेव्हा आपण काय बांधून घेत आहोत हे बाईंना ठाऊक होते, असे मीस यांच्या बाजूने म्हणता येईल. ते खरेही आहे. मात्र प्रतिरूपाला डास चावत नाहीत, आणि त्यात कचराही साठत नाही.

१९७२ साली पीटर पालुम्बो यांनी हे घर घेतले. मूळ रूप परत आणायचे म्हणून त्यांनी जाळी उतरवली आणि वातानुकूलन बसवले. म्हणजे सोय त्यांनाही हवीच होती; फक्त ती डोळ्यांना दिसायला नको होती. मूळ रूपाच्या या कल्पनेत वास्तुकाराचा आराखडा तेवढा इतिहास ठरतो आणि राहणारीची वीस वर्षे डाग ठरतात. मला ही कल्पनाच अमान्य आहे.

आज संग्रहालय असलेल्या या वास्तूच्या अधिकृत नावात २०२१ साली ‘ईडिथ’ जोडले गेले. ते योग्यच झाले. परंतु जतन करताना वास्तव्यालाही वास्तूचा भाग मानले, तरच त्या नावाला अर्थ आहे. त्या न्यायाने ती जाळीही जपण्याजोगीच होती.