झग्याविना बॅरिस्टर

आमचे शेजारी नाना गेल्या दिवाळीत फराळाला आले तेच पडलेल्या चेहऱ्याने. त्यांची धाकटी कन्या लंडनला बॅरिस्टर होण्यासाठी गेली आहे. बॅरिस्टर म्हटले की काळा झगा, पांढरा टोप आणि खुनाच्या खटल्यातील उलटतपासणी! नानांनी साऱ्या आळीला हे चित्र रंगवून सांगितले होते. आणि मुलीने कळविले, की मी नगररचना व पर्यावरणाचा कायदा घेणार.

"म्हणजे गटारे आणि रस्तेच ना, प्रोफेसर?" चकली मोडीत नाना म्हणाले. "तिथे म्हणे झगासुद्धा घालीत नाहीत!"

नानांची माहिती खरी होती. इंग्लंडात १९४७ च्या कायद्याने ठरवून टाकले, की जमीन तुमची असली तरी तिच्यावर बांधकाम करायला परवानगी हवी. ती नाकारली तर अपील करायचे. मोठ्या प्रकरणी एक निरीक्षक सार्वजनिक चौकशी भरवितो आणि तिथे बॅरिस्टर उभा राहतो, तो झग्याविना. समोर आरोपी नाही, ज्यूरी नाही. वाहनांचे आकडे, आवाजाची मोजमापे, फार काय, वटवाघळांची शिरगणतीसुद्धा! अखेरीस निरीक्षक स्वतः जागा पाहून येतो.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील पाचव्या टर्मिनलची चौकशी १९९५ साली सुरू झाली ती १९९९ साली संपली. कामकाज चालले ५०० हून अधिक दिवस! परवानगी मिळाली २००१ मध्ये आणि टर्मिनल उघडले २००८ मध्ये. विरोध करणारे रहिवासी हरले म्हणायचे. परंतु त्या परवानगीबरोबर वर्षाला ४,८०,००० विमान-फेऱ्यांची मर्यादाही आली. अशा एका प्रकरणात वकिलाच्या उमेदीची चार वर्षे जातात, आणि वर्तमानपत्रात त्याचे नावही येत नाही.

"आणि ही कोणाच्या बाजूने उभी राहणार?" नानांनी विचारले.

"आज बिल्डरच्या, उद्या रहिवाशांच्या. आपल्या विषयातले काम पक्षकार आवडत नाही म्हणून नाकारायचे नाही, असा त्यांचा नियम आहे. मात्र फी द्यावी लागते, आणि रहिवाशांचे घोडे तिथेच अडते."

नानांचे समाधान झाले नाही.

यंदा श्रावणात आमच्या शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. आळीमागच्या मैदानातून रस्ता दाखविलेला! हरकती मागविल्या होत्या. नानांनी चार पाने लिहिली. त्यांत आठवणी होत्या, उमाळे होते, रामायणाचा दाखलाही होता. लंडनहून फोन आला, "बाबा, हे सगळे काढा. मैदानावर रोज किती मुले खेळतात, ते मोजा."

सत्तरी उलटलेले नाना आठ दिवस कट्ट्यावर वही घेऊन बसले. सोमवारी ४१, रविवारी ११२. पावसाच्या दिवशीसुद्धा ९.

परवा ते पुन्हा आले. सुनावणी दिवाळीनंतर आहे. "लेकीला म्हटले, तूच ये. तर म्हणते, बाबा, मोजले तुम्ही, बोलायचेही तुम्हीच." असे म्हणून त्यांनी निवेदन माझ्यापुढे ठेवले, शुद्धलेखन तपासायला.

ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका निघाल्या. बेरीज मात्र बिनचूक होती.