स्वस्त आहे, पण का?

परवा मावशीचा फोन आला. "अरे, मिनूला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला, ऑनलाइन. आय७ आहे, चौदा हजारात! तू उगाच पन्नास हजार सांगत होतास."

म्हटलं, बघून येतो. प्रोसेसर निघाला आय७-४६००यू. डॅशनंतरचा ४ म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालचा माल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला, एखाददुसरा अपवाद सोडला तर, इंटेलची आठवी पिढी तरी लागते. जाहिरातीत पिढीचा उल्लेखच नव्हता. 'आय७' मात्र ठळक अक्षरात. बॅटरी पाऊण तासात झोपते. मावशीचा निकाल लागला: "ऑनलाइन पुन्हा काही घ्यायचं नाही."

यावर विक्रेत्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "ग्राहकालाच स्वस्त लागतं, आम्ही काय करणार?" साफ खोटं! ग्राहकाला स्वस्त हवं असतं, पण फसायचं नसतं. लॅमिंग्टन रोडवर आपण झाकण उघडतो, की दाबून बघतो, घासाघीस करतो, आणि बिघडलं तर त्याच दुकानात जाऊन भांडतो. ऑनलाइन आपल्या हातात फक्त फोटो आणि किंमत.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांबद्दल हेच मांडलं. चांगली गाडी कोणती आणि भंगार कोणती हे गिऱ्हाइकाला कळत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठतो आणि उरतं ते भंगार. २००१ साली त्याला नोबेल मिळालं. बॅटरी बदलून, वर्षाची वॉरंटी देऊन बावीस हजारात विकणारा प्रामाणिक माणूस चौदा हजारांच्या शेजारी लुटारू वाटतो. मावशीने तर त्याच्यासाठीही दार बंद केलं.

मी स्वतः जुना लॅपटॉप विकायला काढला तेव्हा नऊ हजार लिहिले होते. पहिला मेसेज: "चोरीचा आहे का?" मग बिलाचा फोटो टाकला, बिजागरी सैल आहे, बॅटरी ६२ टक्के उरली आहे हे लिहिलं आणि किंमत बारा हजार केली. चार दिवसांत गेला. दोष सांगितल्यावर जास्त पैसे मिळाले, बोला!

म्हणून माझा आग्रह एवढाच. किमतीशेजारी चार ओळी हव्यात: प्रोसेसरचा पूर्ण नंबर, बॅटरीची उरलेली क्षमता, कोणते भाग बदलले, किती दिवसांत परत घेणार. बॅटरीचा रिपोर्ट विंडोजमध्ये एका कमांडने निघतो, त्यामुळे वेळ नाही ही सबब चालणार नाही. जो हे लिहीत नाही तो स्वस्त विकत नाहीये, लपवून विकतोय.

असो. मिनूच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलंय, प्रोजेक्टपुरतं चालेल. तुम्ही मात्र पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: स्वस्त आहे, पण का? उत्तर आलं नाही, तर पुढे चला.