सकाळच्या रेडिओवर आपली चेष्टा चालते, मग आपला आवाज का चालत नाही?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आधीच सांगते, काहींना राग येईल.

गेल्या १ नोव्हेंबरला सकाळी एका एफएमवर दोन निवेदकांची जुगलबंदी चालली होती. स्टेशनचं नाव घेत नाही, कारण आज हे आहे, उद्या दुसरं असेल. एकानं विचारलं, "बेळगाव नेमकं कुणाचं रे?" दुसरा म्हणाला, "ज्याच्या हातात कुंद्याचा डबा, त्याचं!" मग हसण्याचा आवाज आणि लगेच गाणं. तासाभरात आमच्या नात्यातल्या ग्रुपवर आग लागली. माफी मागा, निषेध करा, बहिष्कार घाला.

मला त्या विनोदाचा राग आला नाही. कुंद्यावरून आपण पाहुण्यांसमोर काय कमी विनोद करतो? मला राग आला तो त्या गाण्याचा. १ नोव्हेंबर १९५६ पासून जो दिवस आपल्या घरात काळा दिवस म्हणून पाळला जातो, तो यांनी एका वाक्यात उरकला आणि पुढे गेले. एकाही बेळगावकराला, निपाणीकराला, खानापूरकराला फोन लावून विचारलं नाही, की बाबा, तुमच्याकडे आज काय चाललंय? यांच्या सकाळच्या गप्पांत आपण विषय म्हणून चालतो, बोलणारे म्हणून चालत नाही.

आता जुनं थोडं सांगते, कारण नव्या मुलांना वाटतं रेडिओ म्हणजे गाडीतलं बटण.

आमच्या घरी रेडिओ फळीवर असायचा, वर क्रोशाचं झाकण. सांगली केंद्र १९६३ चं. त्याच्या आधी, १९५० पासून, धारवाड केंद्र होतं. आमच्याकडे दोन्ही लागायची. पहाटे भक्तिगीतं, सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, आणि सुधा नरवणे यांचा आवाज आला की आण्णा म्हणायचे, "गप्प बसा की वो सगळी!" मग काटा फिरवून धारवाड. आमच्या आज्जीला कानडी वाचता येत नव्हतं, पण शेतीचं सगळं कानडीतून समजायचं. मल्लिकार्जुन मन्सूर लागले की घरात कुणी भाषा विचारत नसे. सीमाभागातल्या माणसाचा कान असा दोन्हीकडे उघडा होता. तो बंद कुणी केला, याचा हिशेब एकदा आपणच मांडायला हवा.

थट्टामस्करी म्हणजे हलकं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी मुंबई केंद्रावरचं 'पुन्हा प्रपंच' आठवावं. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. तीन माणसं घरात बसून बोलल्यासारखी बोलायची. महागाई, रेशन, सरकारी कारभार, शेजारपाजार. हसवता हसवता चिमटा बसायचा, आणि ते सरकारी रेडिओवर! त्या थट्टेला जोर होता, कारण बोलणारा ऐकणाऱ्याच्याच चाळीतला वाटायचा. आजच्या आरजेची जीभ त्यांच्यापेक्षा जलद आहे. पण तो आपल्या गल्लीतला नाही, म्हणून त्याच्या थट्टेत आपलं दुखणं कधी येत नाही.

कुठलं दुखणं? सांगते. मराठी शाळेत पहिलीला पटच भरत नाही. सरकारी अर्ज कानडीत येतो आणि म्हातारा माणूस तो घेऊन दारोदार फिरतो. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे कागदावर कधीचं मान्य झालंय. घटनेच्या ३५०-ब कलमाखाली त्यासाठी आयुक्तही आहेत. हे वडगाव-शहापूरच्या विणकराला, निपाणीच्या विडी कामगार बाईला सकाळी सहज गप्पांतून कोण सांगणार? पत्रकं निघतात, मोर्चे निघतात, पण रोज सकाळी कानावर पडणारं सोपं बोलणं कुठाय?

आणि काही सकाळी तर हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहत नाही. डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, दोन्हीकडच्या एसटी बंद पडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुळेभावी-बाळेकुंद्रीकडच्या बसमध्ये कंडक्टरशी भाषेवरून वाद झाला, मारहाण झाली आणि पुन्हा सीमेवरून बस बंद. सुळेभावी म्हणजे कुणाचं गाव, माहीत आहे ना? १९२४ साली कुमार गंधर्व तिथं जन्मले. कानडी घरातलं पोर, ज्याच्या आवाजावर अख्खा महाराष्ट्र जीव टाकायचा. त्या दिवसांत आपल्या फोनवर काय आलं? जुने व्हिडिओ, खोटे आकडे, "जागे व्हा" असे निरोप. कोल्हापूरला दवाखान्यात जायला निघालेल्या माणसाला हवं होतं एवढंच, की बस कुठपर्यंत जाते आणि पुढे काय करायचं. गावातला ओळखीचा आवाज रेडिओवरून शांतपणे म्हणाला असता, "अफवांवर जाऊ नका, निपाणीपर्यंत गाड्या सुरू आहेत की वो," तर निम्मी भीती तिथंच उतरली असती.

पण बातमी म्हणून काही सांगायला कायद्यानंच अडवलंय. आपल्या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या आहे तशा ऐकवता येतात, बस. सामुदायिक रेडिओलाही तेच. टीव्हीवर चोवीस तास आरडाओरडा चालतो, फोनवर काहीही चालतं, आणि दहा किलोमीटरच्या रेडिओनं मात्र बातमी द्यायची नाही! सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. मालकानंच आपल्या घरात बोलायचं नाही, हा कुठला न्याय? आरजे कुंद्यावर थांबतो त्यामागे हेही एक कारण आहे. त्याला गंभीर बोलायची मुभाच कमी, म्हणून चेष्टा स्वस्त पडते. ही बंदी उठली पाहिजे, आणि ही मागणी कानडी-मराठी दोघांनी मिळून करण्यासारखी आहे.

आता आपल्याच लोकांशी भांडते.

काही काका लोक म्हणतील, "सीमाप्रश्नावर थट्टा म्हणजे हुतात्म्यांचा अपमान." नाही हो काका. १९८६ च्या आंदोलनात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, ते संध्याकाळी कट्ट्यावर बसून पोट धरून हसायचेही. हसणारा समाज जिवंत असतो. पुलंनी बेळगावच्या रावसाहेबांना लिहिलं, ते अर्ध्या कानडी वळणाच्या मराठीसकट लिहिलं, आणि आपण आजही ते अभिमानानं सांगतो. "काय करूलायस?" म्हटलं की पुण्यामुंबईचे लोक हसतात. त्यावर उपाय एकच. आपण स्वतः तसं बोलून, आपल्या मर्जीनं, त्यांना हसवायचं.

तरुण मंडळी म्हणतील, "रेडिओ संपला." मग त्या दोन वाक्यांवर तासाभरात ग्रुप कशानं पेटला? दुकानात, रिक्षात, शिलाई मशीनजवळ रेडिओ अजून चालू आहे. ज्या बाईचे दोन्ही हात विडी वळण्यात अडकलेत, ती फोनकडे बघत बसू शकत नाही, ती ऐकू शकते.

आणि नेते मंडळी म्हणतील, "सरकार परवानगी देणार नाही." अर्ज तरी केलात काय? २००६ च्या धोरणानुसार किमान तीन वर्षं काम केलेली नोंदणीकृत, नफा न कमावणारी संस्था सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करू शकते. निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा, तोही शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत, हे त्याच धोरणात आहे. बेळगावातच केएलईचं वेणुध्वनी ९०.४ वर चालतं. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशीच्या बायका रेडिओ चालवतात. दुष्काळी भागाला जमतं आणि तीन पिढ्या लढलेल्या, वाचनालयं आणि शाळा उभ्या केलेल्या आपल्या समाजाला जमत नाही?

१९१९ मध्ये बाबूराव ठाकूर यांनी 'तरुण भारत' काढला, तेव्हाही कुणी तरी म्हणालंच असेल, कशाला हे नसते उद्योग! सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. आपल्या आधीच्या लोकांनी हक्क मागितला आणि सोबत साधनही उभं केलं. आपण नुसतं मागतो, आणि न मिळाल्याचा निषेध करतो.

म्हणून एक विनंती. त्या आरजेला शिव्या घालणं पुरे. खाली निषेध लिहू नका. येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर, निपाणी, तुमच्या गावात किमान तीन वर्षं काम करणारी नोंदणीकृत संस्था कुठली आहे, आणि रोज सकाळी एक तास बोलायला कोण बसेल, एवढंच लिहा. कानडी शेजाऱ्यालाही विचारा. त्यालाही बोलायचं असणारच.